एसटीएम३२एफ१०३: आय-टू-सीवर शेवटचा बाइट चुकतो तेव्हा

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरला आय-टू-सी या दोन वायरींच्या बसने जोडलेला एडीएक्सएल३४५ हा अ‍ॅक्सेलेरोमीटर टेबलावर आडवा ठेवलाय. झेड अक्षाचा आकडा २६० च्या आसपास स्थिर आहे. तासाभरात एकदा कधीतरी ५१६ येतो, नाहीतर ७७२, आणि पुढच्याच वाचनाला परत २६०. बस अडकत नाही, एरर फ्लॅग लागत नाही, टाइमआउट होत नाही. मग सेन्सरवर संशय जातो, वायर बदलल्या जातात, आणि शेवटी पाच वाचनांचा मीडियन घेऊन विषय मिटवला जातो. आकडे छान दिसू लागतात, बग मात्र जागच्या जागी राहतो.

२६० म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा बाइट ४. वरचा बाइट १ चा २ झाला की ५१६, ३ झाला की ७७२. या सेन्सरमध्ये सहा बाइटांपैकी झेडचा वरचा बाइट सगळ्यात शेवटी येतो. म्हणजे फक्त शेवटचा बाइट चुकला, आणि तोही एक बिट डावीकडे सरकून. हा नॉइज नव्हे. एसटीएम३२एफ१०३ च्या आय-टू-सी कंट्रोलरची ही ठरलेली खोड आहे आणि उत्पादकाच्या इरॅटा शीटमध्ये (चिपमधल्या ज्ञात दोषांच्या यादीत) ती छापलेली आहे. ड्रायव्हरमध्ये चार ओळी योग्य जागी घातल्या की ती जाते. जागा चुकली तर त्याच चार ओळींनी काहीच होत नाही.

एमपीयू६०५० हा गायरोही असलेला सेन्सर वापरणाऱ्यांना हा बग बहुधा दिसतच नाही. तिथे १४ बाइटांच्या वाचनात शेवटी गायरोच्या झेडचा खालचा बाइट येतो. तो कितीही चुकला तरी सर्वांत संवेदनशील रेंजवर फरक सेकंदाला दोन अंशांच्या आत राहतो आणि थरथरीत लपून जातो. आपल्या बोर्डावर असं कधी झालं नाही म्हणणाऱ्यांनी आपला शेवटचा बाइट नेमका कोणता, ते आधी बघावं.

आधी ठरवा: बसवर चुकतंय की चिपच्या आत

सामान थोडं लागतं. ब्लू पिल (एसटीएम३२एफ१०३ चा छोटा बोर्ड), प्रोग्रामर, आठ चॅनेलचा २४ मेगाहर्ट्‌झचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर, आणि डीएस३२३१ घड्याळाचं ते निळं मॉड्यूल, ज्यावर एटी२४सी३२ ही ईईप्रॉम मेमरीही बसवलेली असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. सेन्सरऐवजी ईईप्रॉम घेण्याचं कारण साधं आहे. सेन्सरचं खरं मूल्य काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही, ईईप्रॉममध्ये काय लिहिलंय ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. शिवाय वाचल्याने ती झिजत नाही, लाखो वेळा वाचा.

जोडणी: पीबी६ ला एससीएल (क्लॉकची वायर), पीबी७ ला एसडीए (डेटाची वायर), मॉड्यूलला ३.३ व्होल्ट. दोन्ही पिना अल्टरनेट फंक्शन ओपन-ड्रेन. एफ१ मालिकेत चिपमधले पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर) फक्त इनपुट मोडमध्ये लागतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नका. मॉड्यूलवर ४.७ किलोओहमचे पुल-अप नसतील तर बाहेरून लावा. ईईप्रॉमचा पत्ता बहुधा हेक्स ५७ असतो, घड्याळाचा हेक्स ६८.

ईईप्रॉमच्या ३२-३२ बाइटांच्या पहिल्या दोन पानांत हेक्स १३, २९, ३४, ४१ हे चार आकडे आलटूनपालटून भरा. प्रत्येक पान लिहून झालं की निदान १० मिलिसेकंद थांबा. हे आकडे सहज निवडलेले नाहीत. १३ सरकला तर २६ किंवा २७ होतो, २९ चा ५२ किंवा ५३, ३४ चा ६८ किंवा ६९, ४१ चा ८२ किंवा ८३. यातला एकही आकडा मूळ चौघांत नाही. त्यामुळे बाइट सरकला की त्याची जागा चुकली, हे आकडा बघूनच कळतं. शून्य भरून चाचणी घेतलीत तर काहीच हाती लागणार नाही. शून्य सरकवलं तरी शून्यच राहतं.

आता वाचनाची लूप लावा. वाचलेलं मूळ आकड्यांशी ताडून बघा, फरक सापडला की पीबी१२ वर करा आणि लूप तिथेच थांबवा. अ‍ॅनालायझर एससीएल, एसडीए आणि पीबी१२ वर ठेवा. १०० किलोहर्ट्‌झच्या बसला ४ मेगाहर्ट्‌झचं सॅम्पलिंग भरपूर झालं. पीबी१२ वर जाण्याआधीचं शेवटचं वाचन उघडून बघा. वायरीवर २९ गेलाय आणि बफरमध्ये ५२ पडलाय, तर ड्रायव्हर दोषी. वायरीवरच ५२ असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पुल-अप, वायरची लांबी, ग्राउंड बघा.

बफरमधल्या चुकीच्या तऱ्हेवरूनही बरंच कळतं:

- फक्त शेवटचा बाइट चुकलेला आणि एक बिट डावीकडे सरकलेला: हाच तो बग.
- पहिला बाइट मागच्या वाचनातला उरलेला, बाकी सगळे एक घर पुढे ढकललेले: स्टॉप (व्यवहार संपल्याची खूण) किंवा नॅक ('आता बाइट नको' हे उत्तर; 'अजून पाठव' म्हणजे अ‍ॅक) उशिरा गेला आणि कंट्रोलरने एक बाइट जादा घेतला.
- एखादा बाइट दोनदा आलेला किंवा मधलाच गळालेला: फ्लॅग वेळेत हाताळले गेले नाहीत.
- सगळे बाइट २५५: एसडीए कुणी खाली ओढतच नाहीये. पत्ता, वायर, पॉवर बघा.
- दोन बाइटांची अदलाबदल: ड्रायव्हरचा संबंध नाही, डेटाशीटमधला बाइटांचा क्रम पुन्हा वाचा.

आत नेमकं काय होतं

या कंट्रोलरकडे फिफो (बाइटांची रांग) नाही. डीआर हे डेटा रजिस्टर आणि त्याच्या मागे एक शिफ्ट रजिस्टर, एवढ्याच दोन जागा. बसवरून येणारा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये एकेक बिट करून जमतो आणि पूर्ण झाला की डीआरमध्ये सरकतो. आरएक्सएनई फ्लॅग सांगतो की डीआरमध्ये बाइट आलाय. आपण डीआर वाचलंच नाही तर पुढचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये ताटकळतो, बीटीएफ फ्लॅग लागतो, आणि कंट्रोलर एससीएल खाली धरून बस थोपवतो. इथवर सगळं सुरक्षित आहे, कितीही वेळ गेला तरी डेटा बिघडत नाही.

घोळ होतो तो स्टॉपमुळे. शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये आहे, त्याच्या आधीचा डीआरमध्ये न वाचलेला आहे, आणि अशा वेळी स्टॉप बसवर गेला, तर शिफ्ट रजिस्टरमधला शेवटचा बाइट एक बिट डावीकडे सरकतो. कुठलाही फ्लॅग लागत नाही. कंट्रोलरच्या हिशेबाने सगळं ठीक झालेलं असतं.

म्हणजे शर्यत आहे ती दोन गोष्टींत: आपण स्टॉप बिट लावल्यावर शेवटून दुसरा बाइट उचलणं, आणि हार्डवेअरने स्टॉप प्रत्यक्ष बसवर पाठवणं. कोडमध्ये या दोन ओळी एकीखाली एक असतात. मग हरायचं कसं? मधे इंटरप्ट आला, म्हणजे कोअर हातातलं काम सोडून दुसरीकडे वळला की.

किती वेळ हातात असतो तेही बघू. १०० किलोहर्ट्‌झला नऊ क्लॉकचा एक बाइट ९० मायक्रोसेकंद घेतो, ७२ मेगाहर्ट्‌झच्या कोअरसाठी ६४८० सायकल. तीन किंवा जास्त बाइटांच्या वाचनात स्टॉप लावताना शेवटचा बाइट अजून यायचा असतो, म्हणून जवळजवळ पूर्ण ९० मायक्रोसेकंद मिळतात. ४०० किलोहर्ट्‌झला मात्र साडेबावीसच. दोन बाइटांच्या वाचनात परिस्थिती वाईट असते. दोन्ही बाइट आधीच आत आलेले, बस थोपवलेली, त्यामुळे स्टॉप लावला की तो काही मायक्रोसेकंदांत बसवर जातो. तिथे छोटासा इंटरप्टही पुरतो. तापमानाचे सेन्सर बहुतेक दोन बाइटांचेच असतात, हे लक्षात ठेवा.

बग हुकमी आणा

तासातून एकदा येणारा बग दुरुस्त झाला हे सिद्ध करता येत नाही. आधी तो मागाल तेव्हा आला पाहिजे.

पहिली चाचणी क्रूर आहे पण पाच मिनिटांत होते. स्टॉप लावण्याची ओळ आणि शेवटून दुसरा बाइट वाचण्याची ओळ, यांच्या मधे २०० मायक्रोसेकंदांचा रिकामा लूप टाका. शेवटचा बाइट दरवेळी सरकलेला आला तर निदान पक्कं झालं. हा लूप लगेच काढून टाका. दुरुस्तीनंतरही तो तिथे असला तर बाइट चुकणारच, आणि दुरुस्ती फसली असं उगाच वाटेल.

दुसरी चाचणी खऱ्या परिस्थितीच्या जवळची. टीआयएम२ या टायमरचा प्रीस्केलर ७१ आणि ऑटो-रिलोड १०३६ ठेवा, दर १०३७ मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट येईल. इंटरप्टच्या आत कोअरमधल्या डीडब्ल्यूटीच्या सायकल काउंटरवर १०,८०० सायकल मोजून थांबा, म्हणजे १५० मायक्रोसेकंद. १००० ऐवजी १०३७ का? सिस्टिक हा कोअरचा टायमर बहुधा १ मिलिसेकंदाचा असतो आणि वाचनही त्याच तालावर चालतं. दोन्हींचा ताल जुळला तर इंटरप्ट दरवेळी वाचनाच्या त्याच टप्प्यावर पडतो. म्हणजे बग कधीच येत नाही, नाहीतर सतत येतो. कोडमध्ये एक प्रिंट वाढवली आणि बग गायब झाला, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. प्रिंटने काही दुरुस्त होत नाही, ताल तेवढा बदलतो.

हिशेब करून बघा. धोक्याची फट दहाएक सायकलची आहे आणि १०३७ मायक्रोसेकंदांत ७४,६६४ सायकल असतात. म्हणजे साधारण साडेसात हजार वाचनांत एकदा नेम लागणार. एक लाख वाचनं केली तर डझनभर चुका दिसल्या पाहिजेत. शंभर वाचनं करून बोर्ड पास करणाऱ्यांना हा बग का सापडत नाही, ते यातून कळतं.

दुरुस्ती

एक बाइट, दोन बाइट आणि तीन किंवा जास्त, असे तीन वेगळे रस्ते लागतात. एकाच लूपमध्ये सगळं बसवण्याचा मोह आवरा. इंटरनेटवर फिरणारा कोड बहुतेक असा असतो: लूप चालवा, शेवटच्या फेरीत अ‍ॅक काढा, स्टॉप लावा, आरएक्सएनईची वाट बघा, वाचा. चिपवर दुसरं काहीच चालू नसताना तो चालतो.

तिन्ही रस्त्यांची सुरुवात सारखी. (सीआर१, सीआर२ ही कंट्रोलरची कंट्रोल रजिस्टरं; एसआर१, एसआर२ ही स्टेटस रजिस्टरं.) सीआर१ मध्ये अ‍ॅक लावा, स्टार्ट द्या, एसबी (स्टार्ट गेला) हा फ्लॅग आल्यावर वाचनाच्या बिटासह पत्ता डीआरमध्ये लिहा, एसआर१ मधल्या एडीडीआर (पत्त्याला उत्तर मिळालं) या फ्लॅगची वाट बघा. त्याच लूपमध्ये एएफ (उत्तर मिळालं नाही) फ्लॅगही बघा, नाहीतर स्लेव्ह, म्हणजे समोरची चिप, हजर नसेल तेव्हा तिथेच अडकाल. एडीडीआर लागलेला असेपर्यंत बस थोपलेली असते. एसआर१ आणि पाठोपाठ एसआर२ वाचलं की तो उतरतो आणि पहिला बाइट यायला लागतो.

एक बाइट:

१. एडीडीआर लागल्यावर, तो उतरवायच्या आधी, अ‍ॅक काढा.
२. इंटरप्ट बंद करा.
३. एसआर२ वाचून एडीडीआर उतरवा.
४. लगेच स्टॉप लावा.
५. इंटरप्ट पूर्ववत करा.
६. आरएक्सएनईची वाट बघा, डीआर वाचा.

दोन बाइट:

१. स्टार्ट देण्याआधीच सीआर१ मध्ये पॉस बिट लावा, अ‍ॅकही लावलेला असू द्या. पॉसमुळे अ‍ॅक बिटाचा अंमल चालू बाइटाऐवजी पुढच्या बाइटावर होतो. दुसऱ्या बाइटाला नॅक द्यायचा तो याच आधारावर.
२. एडीडीआर लागल्यावर इंटरप्ट बंद करा.
३. एसआर२ वाचून एडीडीआर उतरवा आणि लगेच अ‍ॅक काढा.
४. इंटरप्ट पूर्ववत करा.
५. बीटीएफची वाट बघा. पहिला बाइट डीआरमध्ये, दुसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये.
६. इंटरप्ट बंद करा.
७. स्टॉप लावा, लगेच डीआर वाचा.
८. इंटरप्ट पूर्ववत करा.
९. डीआर पुन्हा वाचा, हा दुसरा बाइट.

तीन किंवा जास्त:

१. एडीडीआर नेहमीसारखा उतरवा, इथे घाई नाही.
२. तीनपेक्षा जास्त बाइट शिल्लक असेपर्यंत आरएक्सएनई बघून एकेक वाचत जा.
३. तीनच शिल्लक राहिले की हात आवरा. आरएक्सएनई लागला तरी वाचू नका, बीटीएफची वाट बघा. आता शेवटून तिसरा बाइट डीआरमध्ये आहे, शेवटून दुसरा शिफ्ट रजिस्टरमध्ये, आणि बस थोपलेली आहे.
४. अ‍ॅक काढा.
५. इंटरप्ट बंद करा.
६. डीआर वाचा, शेवटून तिसरा आला. याच क्षणी शेवटचा बाइट बसवर सुरू होतो.
७. स्टॉप लावा.
८. डीआर वाचा, शेवटून दुसरा आला.
९. इंटरप्ट पूर्ववत करा.
१०. आरएक्सएनईची वाट बघा आणि शेवटचा बाइट वाचा.

या क्रमात पायऱ्यांची अदलाबदल करू नका. विशेषतः तिसरी पायरी लोक गाळतात, कारण आरएक्सएनईवर वाचत गेलं तर कोड सुटसुटीत दिसतो. पण मग अ‍ॅक काढेपर्यंत पुढचा बाइट सुरू होऊन गेलेला असू शकतो आणि एक बाइट जादा येतो.

सगळ्यात शेवटी आवराआवर. स्टॉप बिट लावल्यावर हार्डवेअर तो स्वतः उतरवतं, आणि तोवर सीआर१ मध्ये काहीही लिहायचं नाही, अशी सक्त सूचना आरएम०००८ या संदर्भ पुस्तिकेत आहे. लिहिलं तर दुसरा स्टॉप मागितला जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी स्टॉप उतरल्याची खात्री करा, मगच पॉस काढा आणि अ‍ॅक परत लावा. पॉस काढायचा राहिला तर पुढचं मोठं वाचन बिघडतं आणि दोष त्या वाचनाच्या माथी बसतो.

इंटरप्ट बंद करताना

बंद म्हणजे किती बंद? वरच्या पायऱ्यांत इंटरप्ट बंद असण्याचा काळ एका मायक्रोसेकंदाच्या आसपास आहे. तो तेवढाच ठेवा. बीटीएफची वाट बघणारा लूप इंटरप्ट बंद ठेवून चालवला तर ९० मायक्रोसेकंद आणि वर जातात. १,१५,२०० बॉडच्या यूएआरटीवर एक बाइट ८७ मायक्रोसेकंदांत येतो, म्हणजे आय-टू-सीचा एक बाइट वाचवताना यूएआरटीचा गमावला.

बंद करताना प्रायमास्क (इंटरप्ट बंद-चालू करणारं रजिस्टर) आधी जपून ठेवा आणि नंतर तीच किंमत परत लिहा. आंधळेपणाने इंटरप्ट चालू केले आणि हे फंक्शन कुणी आपल्या क्रिटिकल सेक्शनमधून (इंटरप्ट बंद ठेवलेल्या भागातून) बोलावलेलं असेल, तर त्याचं कुंपण तुम्ही मोडलंत. फ्रीआरटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांनी इथे तिच्या क्रिटिकल सेक्शनवर विसंबू नये. या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ कोअरवर तो बेसप्राय हे रजिस्टर वापरतो, ठरवलेल्या पातळीपेक्षा वरच्या प्राधान्याचे इंटरप्ट येतच राहतात, आणि वरचं प्राधान्य दिलेलं असतं ते बहुधा मोटर कंट्रोलसारख्या लांबलचक इंटरप्टलाच.

डीबगरने इथे स्टेप करू नका. कोअर थांबतो पण आय-टू-सी थांबत नाही, स्टॉपच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावलात तर बग तुम्हीच तयार कराल. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे रजिस्टर दाखवणारी खिडकी. ती उघडी असेल तर डीबगर स्वतः एसआर१, एसआर२ आणि डीआर वाचतो. एडीडीआर उतरतो, आरएक्सएनई उतरतो, आणि तुमचा कोड न येणाऱ्या फ्लॅगची वाट बघत बसतो. लॉग फंक्शनमध्ये एसआर२ छापत असाल तरी हाच प्रकार. काही बघायचंच असेल तर एक पिन वरखाली करा आणि अ‍ॅनालायझरवर बघा.

एएफसारखा एरर फ्लॅग उतरवताना एसआर१ वाचून, बिट काढून परत लिहू नका. हे बिट शून्य लिहिल्यावर उतरतात. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे लागलेला दुसरा एरर फ्लॅग त्यात पुसला जातो. तो एक बिट शून्य आणि बाकी सगळे एक, असा शब्द सरळ लिहा.

ईईप्रॉमच्या वाचनात आधी मेमरीचा पत्ता लिहून मग रिपीटेड स्टार्ट (मधे स्टॉप न देता पुन्हा स्टार्ट) द्यावा लागतो. ८८ ते १०० किलोहर्ट्‌झ या पट्ट्यात या कंट्रोलरकडून रिपीटेड स्टार्टच्या सेटअप वेळेत किंचित कसर राहते. एखादी चिकित्सक चिप त्यावर अडून बसली तर पीसीएलके१ (कंट्रोलरला मिळणारा क्लॉक) ३६ मेगाहर्ट्‌झ असताना सीसीआर हे वेगाचं रजिस्टर १८० ऐवजी २०५ करा. बस ८७.८ किलोहर्ट्‌झवर येते. ट्राइज (लाइन चढण्याच्या वेळेचं रजिस्टर) दोन्ही वेळी ३७.

तपासणी

टीआयएम२ चा त्रास चालूच ठेवा आणि १, २, ३, ४, ५, ८, १६, ३२ या प्रत्येक लांबीची एकेक लाख वाचनं करा. ३ आणि ४ गाळू नका, तिथेच रस्ते एकमेकांना मिळतात आणि मोजणीत एकाची चूक होते. सुरुवातीचा पत्ता दर वाचनाला ० ते ३ असा फिरवत ठेवा, म्हणजे शेवटी चारही आकडे येतील. ३२ बाइटांच्या एका वाचनात पत्ते धरून ३६ बाइट बसवर जातात, म्हणजे ३.२४ मिलिसेकंद. लाख वाचनांना साडेपाच मिनिटं आणि इंटरप्टमध्ये जाणारा वेळ वेगळा. दोन बाइटांची लाख वाचनं मिनिटभरात उरकतात. चुका शून्य आल्या पाहिजेत. एक चूकही 'असू दे' म्हणून सोडू नका. ती कुठल्या लांबीत आणि कितव्या बाइटावर आली ते नोंदवा, वरची यादी पुन्हा लावून बघा.

मग इंटरप्ट बंद करणाऱ्या ओळी तात्पुरत्या काढून तीच चाचणी पुन्हा चालवा. चुका परत आल्या पाहिजेत. आल्या नाहीत तर तुमची चाचणी बग पकडतच नव्हती आणि आधीचं शून्य फुकटचं होतं.

चाचणीच्या मधे बोर्ड रीसेट केला तर ईईप्रॉम अर्धा बाइट देऊन एसडीए खाली धरून बसू शकते. पिना साध्या ओपन-ड्रेन आउटपुट करून एससीएलवर नऊ पल्स द्या, स्टॉप द्या, मग पिना परत कंट्रोलरकडे सोपवा. दोन्ही लाइन वर असूनही एसआर२ मधला बिझी उतरत नसेल तर सीआर१ मधला एसडब्ल्यूआरएसटी (रीसेटचा बिट) लावून काढा आणि सगळी सेटिंग पुन्हा भरा, रीसेटमध्ये ती पुसली जातात.

डीएमए घेतला तर

मोठी वाचनं सतत होत असतील तर डीएमए (कोअरला मधे न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) हा जास्त स्वच्छ उपाय. डीएमए प्रत्येक बाइट आल्या आल्या उचलतो, बीटीएफची वेळच येत नाही. आय-टू-सी१ चं वाचन डीएमए१ च्या सातव्या चॅनेलवर येतं. सीआर२ मध्ये डीएमएईएनसोबत लास्ट बिटही लावा, म्हणजे शेवटच्या बाइटाला नॅक हार्डवेअर आपणहून देतं. स्टॉप मात्र डीएमए पूर्ण झाल्याच्या इंटरप्टमध्ये तुम्हीच लावायचा. तोवर सगळे बाइट मेमरीत पोचलेले असतात, त्यामुळे उशीर झाला तरी सरकायला काही उरलेलं नसतं.

एका बाइटासाठी डीएमए लावू नका, तिथे वरचा सहा पायऱ्यांचा रस्ताच ठेवा. आणि हा ड्रायव्हर एफ०, एफ३ किंवा एल४ मालिकेवर नेणार असाल तर यातलं काहीच नेऊ नका. तिथला आय-टू-सी कंट्रोलर वेगळा आहे. बाइटांची संख्या आधीच सांगायची असते आणि ऑटो-एंड लावला की नॅक आणि स्टॉप तो स्वतः देतो.

कोडमध्ये इंटरप्ट बंद करणाऱ्या ओळींवर शेरा लिहून ठेवा: स्टॉप आणि डीआर वाचन यांच्या मधे काही घालू नये, नाहीतर शेवटचा बाइट डावीकडे सरकतो. शेरा नसेल तर सहा महिन्यांनी कुणीतरी बिनकामाच्या ओळी म्हणून त्या काढेल, आणि झेड पुन्हा ५१६ दाखवेल.